मेणाचा उजवा पाय

माझ्या छातीत गाठ होती आणि मी सायबिणीला मेणाचा पाय वाहिला.

एवढं एकच वाक्य लिहून थांबले तरी माझ्या तेव्हाच्या अकलेची पुरेशी कल्पना येईल. पण आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, महिला मंडळाने सांगितलंय की आजारपणाचं सगळं लिहून दे, ज्या बायका नव्याने या दुखण्यात सापडतात त्यांना वाचायला देऊ. म्हणून पुढे लिहिते. डॉक्टरी माहिती माझ्याकडे मागू नका, ती डॉक्टरांकडे मिळते. माझ्याकडे फक्त मूर्खपणा आहे, पण तो भरपूर आहे.

आमच्याकडे सप्टेंबरात सायबिणीचा, म्हणजे मारिया मातेचा सण असतो. ज्याचं जे दुखतं त्याचं मेणाचं रूप घ्यायचं आणि वेदीपाशी वाहायचं. हात, पाय, डोळे, कान. घर हवं असेल तर मेणाचं घर, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ. छातीही मिळते, पोटही मिळतं. सायबिणीला कशाचीच लाज नाही.

लाज मला होती. तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि मोठ्या वर्गातल्या मुलींचा आरोग्याचा तास माझ्याकडे असायचा. तक्त्यावर छडी टेकवून ‘शरीरात काही वेगळं जाणवलं तर लगेच मोठ्यांना सांगावं’ हे मी इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हटलं असतं. आणि आंघोळ करताना डाव्या बाजूला चिंचोक्याएवढं काहीतरी हाताला लागलं, तेव्हा मी ते कोणाला सांगितलं? साबणाला.

सणाच्या दिवशी मेणाच्या दुकानावर मर्सी बसली होती. आमच्याच गावची, मनाने चांगली, पण पोटात काही राहत नाही. तिच्याकडे छाती मागितली असती तर मी वेदीपर्यंत पोचायच्या आत बातमी आगाशीच्या बाजारात पोचली असती. ती छाती अगदी समोर, दोऱ्याला टांगलेली होती. मी तिच्याकडे बघितलं, मर्सीकडे बघितलं आणि म्हटलं, पाय दे.

“कोणाचा गं?”

“मेल्विनचा.”

“म्हणजे उजवा,” मर्सी म्हणाली आणि निवडून चांगला पोटरीदार पाय काढून दिला.

वेदीपाशी मी हळूच सांगितलं, सायबिणी, हातात पाय आहे पण मनात छाती आहे, तेवढं समजून घे. वर एवढा घोळ कोण निस्तरणार, याचा विचार मी केला नाही.

वाळूतला पोरगा

मेल्विन माझा एकुलता एक मुलगा. आता राजोडीच्या किनाऱ्यावर पोरांना फुटबॉल शिकवतो आणि माझी नात त्यांच्यात सगळ्यांत जास्त धूळ उडवते. पण मी सांगतेय ती गोष्ट दोन हजार सालानंतरची. तेव्हा घरात मोबाईल नुकता आला होता आणि तो ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहायचा. मेल्विन पंचविशीच्या आतला होता.

आगाशी आणि राजोडीच्या मधे आमची वाडी. मागे केळी, पुढे सोनचाफा आणि मोगरा. पोरगा शाळेतून आला की दप्तर पायरीवर आणि स्वतः किनाऱ्यावर. ओहोटी लागली की खेळ सुरू, भरती आली की बंद. अनवाणी खेळायचा. बारावीनंतर तो मुंबईच्या एका क्लबात गवतावर खेळायला गेला, पण तिथे राखीव बाकावर बसून बसून त्याच्या चड्ड्या मागून झिजल्या. गवतावर त्याच्यापेक्षा जोरात पळणारे पुष्कळ होते. वाळूत पळताच येत नाही आणि चेंडू घरंगळतही नाही, तो हवेतच ठेवावा लागतो. तिथे आमचा पोरगा राजा. गोलकडे पाठ करून उभा राहायचा, अंगावर आलेला चेंडू पायाच्या बोटांनी वर उचलायचा आणि मग स्वतःच उलटा होऊन डोक्यावरून लाथ. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा डोळे मिटून घेतले आणि उघडले तेव्हा गोल झाला होता.

वाळूवरच्या एका स्पर्धेत गोव्याच्या एका प्रशिक्षकाने त्याला बघितलं. त्याच्यामार्फत आखातातल्या एका क्लबाकडून बोलावणं आलं. पुढच्या हंगामासाठी आघाडीचा खेळाडू म्हणून, पगार, राहणं, खाणं सगळं त्यांचं. मला वाटलं पोराने काही तरी जिंकलं. आमच्या ह्यांना, म्हणजे बस्त्यावला, ते खरंच वाटेना.

“वाळूत खेळायला पगार?” हे म्हणाले. “मग आपल्या किनाऱ्यावरची कुत्री आतापर्यंत लखपती व्हायला हवी होती.”

बापाने हसण्यावारी नेलं म्हणून पोरगा दोन दिवस धड जेवला नाही. पण तयारी सोडली नाही. अंगणात रोज चेंडू आपटायचा आवाज.

चेंडू

सण होऊन काही आठवडे झाले होते. मी चाफ्याची टोपली कंबरेवर घेऊन येत होते आणि मेल्विनचा चेंडू केळीच्या बुंध्याला लागून उसळला तो थेट माझ्या डाव्या बाजूवर. एरवी मी चार शिव्या देऊन पुढे गेले असते. त्या दिवशी मी खाली बसले आणि फुलं सगळी अंगणभर. माझी थोरली जाऊ रेमा धावत आली. मला आत नेऊन तिने ब्लाउजची बटणं काढली. दारात मेल्विन उभा आहे हे तिच्या लक्षातच आलं नाही.

“अगं फिलू, गाठ आलीय,” ती म्हणाली.

मेल्विनचा चेहरा मी आजही विसरले नाही. त्याला वाटलं, त्याच्या चेंडूने आली.

आता इथे माझा खरा मूर्खपणा. तो पाय काहीच नव्हे. त्याला एवढंच सांगायचं होतं की बाबा, ही गाठ मला सणाच्या आधीपासून माहीत आहे. पण तसं सांगितलं तर रेमा विचारणार, मग इतके दिवस गप्प का बसलीस? हे विचारणार. सगळा गाव विचारणार. म्हणून मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बाई आरोग्याचा तास घेणारी, आणि वेळ आली तेव्हा पोराला अपराधी करून आपण पदराआड बसली.

मेल्विनच मला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तपासताना त्यांनी विचारलं, किती दिवस आहे? मेल्विन बाहेर बाकावर होता. मी हळू आवाजात खरं ते सांगितलं. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मग मी म्हटलं, पोराला वाटतंय त्याच्या चेंडूने झालं. त्यांनी त्याला आत बोलावून समजावलं की मार लागून कॅन्सर होत नाही, उलट मार लागला म्हणून गाठ सापडली. तो मान हलवत राहिला, आणि माझी खात्री पटली की एक अक्षर त्याच्या डोक्यात शिरत नाहीये.

पुढच्या तपासण्या झाल्या आणि एके दिवशी त्यांनी तो शब्द सांगितला. “कॅन्सर आहे, पण हाताशी आहे,” असं म्हणाल्या. ते ‘हाताशी’ मी घट्ट धरून ठेवलं. लोक विचारतात, त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं? खरं सांगायचं तर बाहेर पडून मी आगाशीच्या बाजारात गेले आणि सुक्या बोंबलांचा भाव केला. कोळीण म्हणाली, “बाय, पानी पी, चेहरा उतरलाय तुजा.” मी पाणी प्यायले आणि पुन्हा भाव केला. हे पिशवी धरून शेजारी उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कोळणीने बोंबील कमी भावात दिले ते माझ्या बोलण्याने की ह्यांच्या रडण्याने, ते मला अजून कळलेलं नाही.

किक कोणाची

दुसऱ्या दिवशी मेल्विनने जाहीर केलं की तो आखातात जाणार नाही. क्लबाला कळवतो म्हणाला. रेमा म्हणाली, शहाणा पोर. ह्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं आणि मला त्याचा राग आला.

मी ओट्यावर वाल सोलत बसले होते. मेल्विनला म्हटलं, बस. हंगाम सुरू व्हायच्या आधी तो मला रोज त्याच्या खेळाचे नियम ऐकवायचा आणि मी वाल सोलता सोलता ऐकायचे. शिक्षिका असले म्हणून काय झालं, मीही कधी कधी लक्ष देते.

“तुझ्या खेळात एखाद्याला कोणी पाडलं तर फ्री किक कोण मारतो?”

“ज्याला पाडलं तो.”

“दुसरा कोणी जास्त चांगला मारणारा असला तर?”

“तरी त्यानेच मारायची. वाळूवर तसा नियम आहे.”

“आणि समोर भिंत करून कोण उभं राहतं?”

“कोणी नाही, मम्मी. आमच्यात भिंत करत नाहीत.”

“मग इथे पाडलंय मला,” मी म्हटलं. “तू भिंत करू नको.”

दोन-चार वाल त्याने चुकीच्या वाटीत टाकले. मग म्हणाला, “पाडलेल्याला उठताच येत नसेल तर त्याच्या जागी बदली येतो आणि तो मारतो.”

“मला अजून उचलून नेलेलं नाही. नेतील तेव्हा बोलावीन.”

एवढ्यावर सौदा ठरला. ऑपरेशन होईपर्यंत तो थांबणार, मग जाणार, आणि मला उठता येईनासं झालं की मी खोटं न बोलता बोलावणार. खोटं न बोलता, हे त्याने दोनदा म्हणवून घेतलं. माझ्यासारखीकडून.

ऑपरेशननंतर तो गेला त्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, संपल्यावर बाहेर बायका जमल्या होत्या. आई जाणार की राहणार कळत नाही आणि पोरगा वाळूत खेळायला गेला, असं कोणी तरी म्हणालं. कोणी ते लिहीत नाही, कारण ती आता माझी विहीण आहे.

तुमचं उजवं, माझं डावं

ऑपरेशन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात झालं. शुद्धीवर आल्यावर मी पहिला हात कुठे नेला ते बायकांना सांगायला नको. तिथे सपाट होतं आणि पट्टी होती. मी रडले का? नाही. रडले ते चार दिवसांनी, जेवणात भेंडी आली म्हणून. इस्पितळात माणूस कशावरही रडतं, त्याचं मनावर घेऊ नका.

शेजारच्या खाटेवर चंदनसारच्या सावंतबाई होत्या. मूळच्या मालवणकडच्या, नवरा मंत्रालयात. त्या पहाटे उठून नीट वेणी घालायच्या, पावडर लावायच्या, मग डॉक्टरांची वाट बघायच्या. त्यांचं उजवं काढलं होतं. एकदा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते तर त्या म्हणाल्या, “बाई, तुमचं उजवं राहिलंय, माझं डावं राहिलंय. दोघींची मिळून एक अख्खी बाई होते की. एका वेळेला एकीने लग्नाला जायचं.” मी इतकी हसले की टाके ओढले गेले आणि नर्स दोघींना ओरडली. सावंतबाई अजूनही नाताळात येतात, फराळाला म्हणून, आणि कोणाच्या अंगावर साडी जास्त चांगली बसते यावर आमचं भांडण होतं.

मग औषधं सुरू झाली. त्यासाठी जायचं यायचं. आमच्या गावातून पहाटे फुलांचा टेम्पो दादरला जातो, त्यात पुढे ड्रायव्हरशेजारी मी आणि मागे टोपल्यांत हे. परतताना टेम्पो रिकामा, पण वास तसाच. लाल रंगाचं ते औषध सरबतासारखं दिसतं आणि अंगात गेलं की जन्मभर मोगरा माळलेल्या बाईला मोगऱ्याचा वास सहन होत नाही. वाडीत फुलं उमलली की मी नाकाला पदर लावून मागच्या दाराने केळीत जाऊन बसायची. ह्यांनी मला काही न सांगता पुढच्या अंगणातला मोगरा छाटून टाकला. तो ह्यांच्या आईने लावलेला होता. मला कळलं तेव्हा मी भांडले. ह्यांनी कोयता धुतला आणि म्हणाले, परत फुटेल.

केस गेले ते उशीवर पसरून. आरशात बघितलं तर मी माझ्या बापासारखी दिसत होते, तो मरायच्या आधी दिसायचा तसा. तेव्हा मेल्विनने क्लबाची टोपी पाठवली, हिरवी, पुढे चोच असलेली. मिस्साला मी ती घालायची आणि वरून पदर. प्रसाद घेताना फादरनी टोपीकडे बघितलं, मग छताकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. छोटीशीच गोष्ट, पण ते काही बोलले नाहीत यासाठी मी त्यांची आजही आभारी आहे.

बदली

सगळ्यांत वाईट दिवस मार्चमधले. तोंडात फोड, पेजसुद्धा गिळवेना, आणि ताप. डॉक्टरीणबाईंनी इथल्याच नर्सिंग होममध्ये ठेवून घेतलं. मला भीती वाटत होती. आधी वाटायची तशी मरणाची नाही, तर अशाच खाटेवर अशीच पडून राहण्याची. तिकडे मेल्विनचा संघ पुढच्या फेरीत पोचला होता. हा सामना जिंकला तर त्याचा पुढच्या हंगामाचा करार पक्का, नाही तर विमानाने परत. तो रविवारी फोन करायचा. त्या रविवारी मी ठरवलं होतं की सांगायचं. शब्द दिला होता ना, उठता येत नाही तेव्हा बोलावीन. आणि मला उठता येत नव्हतं.

फोन वाजला. मी हात पुढे केला तर ह्यांनी फोन खिशातून काढला आणि मला दिलाच नाही. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

“आई आंघोळीला गेलीय,” हे म्हणाले.

दुपारची वेळ. मी सात दिवस आंघोळ केली नव्हती.

“बरी आहे. हो, जेवते. बोंबील मागत होती.” त्यांनी पोराशी खेळाबद्दल कधी धड शब्द काढला नव्हता, आणि आता तोंडातून काय निघावं हे त्यांना सुचत नसावं. “उलटी लाथ मारायची असेल तर बघून मार. पडशील,” असं म्हणाले आणि फोन ठेवला.

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. माझ्या वाटणीचं खोटं ते बोलून मोकळे झाले होते. मग पेजेची वाटी घेऊन बसले आणि चमच्याने, एका बाजूने, जिथे फोड कमी होते तिथून भरवत राहिले. ती पेज त्यांनीच केली होती. खाली लागली होती. तिच्या करपट वासाने मोगऱ्याचा वास पहिल्यांदा माझ्या नाकातून गेला.

चार दिवसांनी ताप उतरला. सामना ते जिंकले होते, मेल्विनचा गोल होता. मे महिन्यात त्या सामन्याची सीडी आली आणि सगळी आळी आमच्या घरात टीव्हीसमोर बसली. कोणी तरी मेल्विनला मागून पाडलं. तो वाळूत पडून राहिला, मग उठला, गुडघ्यावरची वाळू झटकत बसला, झटकत बसला. भिंत नाही, काही नाही, समोर फक्त गोलकीपर. त्याने किक मारली आणि गोल. आळीत आरडाओरडा. हे मागे दारात उभे होते आणि म्हणाले, “इतकी वाळू कशाला झटकायची? परत पडायचंच आहे.”

मी हसले. छातीतली गाठ इतके दिवस लपवलेली बाई, आणि समोर काय दिसतंय ते मला दिसलं नाही.

पुन्हा सण

सप्टेंबरपर्यंत माझे उपचार संपले होते. डोक्यावर केरसुणीच्या टोकासारखे केस आले होते, मोगरा परत फुटला होता. मेल्विन सुट्टीवर घरी आला आणि आम्ही सणाला गेलो. वाचणाऱ्या बायकांनो, तुम्हीही सणाला जा, नवस बोला, मला त्यावर विश्वास आहे. फक्त आधी डॉक्टरकडे जा, आणि मर्सीला काय कळेल याची काळजी सोडा. तिला कळायचं ते कळतंच.

मर्सीच्या दुकानावर तर मेल्विनचं स्वागतच झालं. गेल्या वर्षी माझ्याच दुकानातला पाय वाहिला आणि बघा कसे गोल झाले, असं ती गिऱ्हाइकांना सांगत होती. मेल्विनही तिकडे संघात हेच सांगत फिरला होता, माझ्या आईने माझ्या पायासाठी नवस केलाय म्हणून. दोघं मिळून त्या पायाचं कौतुक करत होते आणि मी मधे उभी होते. टोपीखाली घाम आला मला.

रांगेत वेदीकडे सरकताना मी त्याला सांगितलं. पाय तुझ्यासाठी नव्हता. गाठ तेव्हाच होती, मला माहीत होती, मर्सीची लाज वाटली म्हणून पाय घेतला. तुझ्या चेंडूने काही झालं नाही. वर्षभर तू ते मनात धरलंस आणि मी धरू दिलं.

रांग दोन पावलं पुढे गेली तरी तो जागचा हलला नाही, मागच्या माणसाने त्याला ढोसलं. मग त्याने वळून मर्सीच्या दुकानाकडे बघितलं. दोऱ्याला छाती टांगलेली होती, शेजारी पाय. माझा हात धरून तो मला रांगेतून बाहेर घेऊन आला, आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तो उजवा पाय जरा जपून टाकतोय.

“मग या खेपेला तू सरळ छाती घे, मम्मी, मर्सीमावशीच्या समोर,” तो म्हणाला. “आणि मनात माझा उजवा पाय धर. गुडघ्याचं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.”